तबकडीतली अहिराणी : पुन्हा एन्कोड न करता

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहणाऱ्या खानदेशी माणसांच्या बोलण्यात ‘कॅसेट’ हा शब्द अजून ठणठणीत आहे. ज्या वस्तूचे ते नाव, ती फीत गुंडाळलेली काळी पेटी घरांतून नाहीशी होऊन पंधरा-वीस वर्षे उलटली; शब्द मात्र मागे राहिला आणि पुढच्या वस्तूला चिकटला. ‘लग्नाची कॅसेट’, ‘कानबाईची कॅसेट’ असे म्हणत कपाटाच्या वरच्या खणातून जे काढून दाखवले जाते, ती असते पातळ प्लास्टिकच्या पाकिटातली व्हीसीडी. मराठीतला ‘तबकडी’ हा शब्दही अशाच वाटेने येथवर आला. तबक म्हणजे ताट, तबकडी म्हणजे लहान ताट; मग ग्रामोफोनची तबकडी, आणि आता ही चकाकणारी. वस्तू बदलते, नाव टिकते, आणि नावाच्या आत काय घडते याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मला या लेखात त्या आतल्या घडामोडीविषयी लिहावयाचे आहे. जुन्या व्हीसीडींतील चित्र आणि आवाज पुन्हा एन्कोड न करता डीव्हीडीवर कसे न्यावेत, आणि बोलीच्या अभ्यासकाने या वरवर तांत्रिक दिसणाऱ्या गोष्टीची फिकीर का करावी, हा तो विषय.

मी नंदुरबार जिल्ह्यातला. आमच्याकडून सुरतेला जाताना सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर लागते. त्या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. फलाटावरून चालत गेले की राज्य बदलते. भाषा मात्र तेथे बदलत नाही, ती गाडीबरोबर उधन्यापर्यंत जाते. यंत्रमागावर, रंगाई-छपाईच्या मिलांत आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत कामाला गेलेल्या धुळे, जळगाव, नंदुरबारच्या माणसांनी ती तेथे नेली. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजराती, हिंदी, उर्दू, मराठी, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते, त्यामुळे यांच्या मुलांना मराठी शाळाही मिळाल्या. शाळेत प्रमाण मराठी, रस्त्यावर गुजराती, कारखान्यात हिंदी आणि घरात अहिराणी, अशी वाटणी झाली. या वाटणीत घरच्या भाषेच्या वाट्याला लेखन आले नाही. तिची नोंद जर कोठे झाली असेल तर ती आवाजात झाली, आणि त्यातला मोठा हिस्सा साधारण १९९८ ते २००८ या दहा वर्षांत व्हीसीडींवर उतरला.

अहिराणी कानाला पहिल्या वाक्यातच ओळखू येते. ‘आहे’च्या जागी ‘शे’, ‘माझा-तुझा’च्या जागी ‘मना-तुना’, ‘चा-ची’च्या जागी ‘ना-नी’, आणि ‘ळ’च्या जागी ‘य’, म्हणजे डोळा नव्हे, डोया. गुजरातीतील ‘छे’ आणि ‘नो-नी’ यांच्याशी असलेली जवळीक सुरतेत राहणाऱ्याला निराळी समजावून सांगावी लागत नाही. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या सातव्या खंडात बसवले नाही. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या शेजारी तिची जागा केली. तो निवाडा बरोबर की चूक, या वादात मी आज शिरत नाही. जनगणनेतही खानदेशीची गणना स्वतंत्रपणे होते. २००१ मध्ये तिचे भाषक सुमारे २० लाख ७५ हजार होते, २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. लोकसंख्या वाढत असता हा आकडा घटला. याचा अर्थ तेवढी माणसे मुकी झाली असा नव्हे. मातृभाषेच्या रकान्यात अनेकांनी ‘मराठी’ सांगितले असावे असे मला वाटते. पण रकान्यातून गेलेली भाषा घरातूनही जाऊ लागते, आणि त्या जाण्याआधीचा पुरावा म्हणून या तबकड्यांकडे पाहावे लागते.

तबकड्या गोळा करू लागलो तेव्हा पहिली निराशा लग्नांनी केली. लग्नाचे ‘शूटिंग’ करणारा मनुष्य घरी जाऊन ‘मिक्सिंग’ करत असे, आणि मिक्सिंग म्हणजे मूळ आवाज पुसून त्यावर हिंदी चित्रपटांची गाणी चढवणे. तीन-तीन तबकड्यांच्या लग्नात माणसे सतत बोलताना दिसतात, वरमाय भांडताना दिसते, म्हातारे पाहुणे एकमेकांना काहीतरी सांगून हसताना दिसतात, आणि ऐकू येते ते मात्र त्या वर्षीचे गाजलेले गाणे. हा आवाज कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही, कारण तो तबकडीवर आलाच नाही. वाचले ते हळदीच्या आदल्या रात्रीचे तुकडे, ज्यांना सजवायला कोणाला सवड नव्हती; सत्कारांची भाषणे, जी बहुधा प्रमाण मराठीत असतात आणि आमच्या कामाला कमी उपयोगी; आणि कानबाई.

कानबाईचा उत्सव खानदेशाबाहेरच्या वाचकांना अपरिचित असू शकेल. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळाला देवीचे रूप देऊन तिची स्थापना करतात, भाऊबंद एकत्र येऊन रोट करतात, रात्रभर जागर होतो आणि सोमवारी विसर्जन. सुरतेतील खानदेशी वस्त्यांत हा उत्सव गावाकडच्या इतकाच, किंबहुना अधिक गर्दीने होतो. परगावी राहणाऱ्याला आपले गाव दरवर्षी नव्याने उभे करावे लागते. जागराच्या रात्री बाया जी गाणी म्हणतात ती अहिराणीत असतात. शूटिंगवाल्यानेही तेथे चित्रपटाचे गाणे चढवण्याचे धाडस केले नाही, कारण देवीच्या गाण्यावर दुसरे गाणे घालणे यजमानाला चालले नसते. म्हणून आमच्याजवळच्या सर्वांत मोलाच्या तबकड्या कानबाईच्या आहेत. कॅमेरा हलतो, दिवा डोळ्यांवर येतो, कोणाचे मूल मध्येच रडते. पण तीन-साडेतीन तास अखंड आवाज आहे, आणि गाण्यांच्या मधल्या वेळेत बाया एकमेकींशी जे बोलतात तो भाषेच्या दृष्टीने गाण्यांहून मोठा ऐवज आहे.

यातल्या काही तबकड्यांना एक जास्तीचे मोल आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. रांदेर-अडाजणकडच्या तळमजल्यांतील मूळ व्हिडिओ फिती गाळाने भरल्या आणि फेकल्या गेल्या. ज्या कुटुंबांनी पुरापूर्वी त्या फितींवरून व्हीसीडी करून घेतल्या होत्या त्यांच्याकडे नक्कल उरली आणि अस्सल गेले. अशा वेळी नक्कल हेच अस्सल होते. प्लास्टिकची तबकडी पाण्याने धुता येते, हा तिचा एक गुण त्या महिन्यात अनेकांना कळला.

आता यंत्राकडे वळतो. व्हीसीडीचे प्रमाण १९९३ साली ठरले. त्यात चित्र एमपेग-१ या पद्धतीने दाबून ठेवलेले असते. आपल्याकडील पाल पद्धतीत ते ३५२ बाय २८८ बिंदूंचे, सेकंदाला २५ चित्रे. चित्रासाठी सेकंदाला सुमारे ११.५ लाख बिट आणि आवाजासाठी २ लाख २४ हजार बिट. एका तबकडीत ७४ मिनिटे मावतात. तबकडी संगणकात घातली की ‘एमपेगएव्ही’ नावाच्या कप्प्यात ‘डॅट’ शेपटीची फाइल दिसते. ही फाइल म्हणजे काही निराळी भाषा नव्हे. आत साधे एमपेग-१ आहे आणि त्याभोवती सीडीच्या खंडांचे वेष्टन आहे. वेष्टन काढले की उरते ते मूळ, जसेच्या तसे. व्हीसीडीगिअरसारखा लहानसा प्रोग्रॅम हे काम मिनिटाभरात करतो.

डीव्हीडीचे प्रमाण १९९६ चे. बहुतेकांना वाटते की डीव्हीडीवर केवळ एमपेग-२ चालते, आणि म्हणून जुने सारे मोडून नव्याने दाबावे लागते. तसे नाही. डीव्हीडीच्या नियमांत एमपेग-१ ला जागा ठेवलेली आहे. चित्र ३५२ बाय २८८ चे असावे, बिटांचा दर सेकंदाला १८ लाख ५६ हजारांच्या आत असावा आणि स्वयंपूर्ण चित्र दर १५ चित्रांच्या आत पुन्हा यावे, एवढ्याच अटी. नीट केलेली व्हीसीडी या तिन्ही अटी पाळते. म्हणजे तिचे चित्र एक बिटही न बदलता डीव्हीडीवर जाऊ शकते. फाइलमधून चित्र आणि आवाज वेगळे करायचे, डीव्हीडीच्या मापाच्या पुड्यांत पुन्हा बांधायचे, आणि डीव्हीडीऑथरसारख्या प्रोग्रॅमने ‘व्हिडिओ टीएस’ हा कप्पा तयार करून तबकडी जाळायची. सुपर व्हीसीडी नावाचा एक चुलत प्रकार होता, त्याचे ४८० बाय ५७६ चे चित्र मात्र डीव्हीडीला मान्य नाही. सुदैवाने आमच्या घरांत तो जवळजवळ पोहोचलाच नाही.

व्यवहारात काय होते? कन्व्हर्ट करून देणाऱ्या एका दुकानातून आणलेली डीव्हीडी मी पाहिली आहे. दुकानाने ३५२ बाय २८८ चे चित्र फुगवून ७२० बाय ५७६ केले, मग एमपेग-२ मध्ये पुन्हा दाबले आणि ‘क्वालिटी वाढवून दिली’ असे सांगून जास्तीचे पैसे घेतले. चित्र मोठे झाले, स्पष्ट झाले नाही. येथे एक गोष्ट समजून घेण्याजोगी आहे. एमपेग चित्राचे लहान लहान चौकोन करून दाबते. पहिल्या वेळी जे चौकोनांचे डाग पडतात ते दुसऱ्या एन्कोडरला चित्राचाच भाग वाटतात, आणि ते जपण्यासाठी तो बिट खर्च करतो. त्या खर्चापायी चेहऱ्यावरचा खरा तपशील सोडतो. चूक जपली जाते आणि मजकूर गळतो. उधन्यातील माझा एक तरुण मित्र हिरे घासण्याच्या कामात आहे आणि संगणकाचे सगळे काम त्यानेच अंगावर घेतले आहे. तो म्हणाला, घासलेल्या हिऱ्याला पुन्हा घाट लावायला घेतला की वजन घटणारच, कारागीर कितीही चांगला असो. सुरतेत याहून सोपे स्पष्टीकरण कोणाला द्यावे लागत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला ही चूक ओळखीची वाटेल. बोलीतले गाणे कोणी उतरवून घेतो, सवयीने ‘डोया’चा ‘डोळा’ करतो, ‘मना’चा ‘माझा’ करतो. पुढचा संपादक ते कागदावरून घेतो आणि ‘ळ’ हा बोलीचाच समजून जपतो. पुढे कोणी लिहितो की या बोलीत ‘ळ’ही आहे आणि ‘य’ही आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्याला मिळाली. त्या उतरवण्याचे ऋण केवढे आहे ते सांगायला नको. पण लेखणीतून आलेला शब्द आणि आवाजातून आलेला शब्द हे दोन निराळे पुरावे आहेत. ग्रिअर्सन यांनाही हे जाणवले असावे, कारण सर्वेक्षणाच्या कामात छापील नमुन्यांच्या जोडीला ग्रामोफोनच्या तबकड्याही भरून घेतल्या गेल्या.

आणि येथेच या ‘पुन्हा एन्कोड न करता’च्या कृतीत एक खोच आहे, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. चित्र खरोखर जसेच्या तसे जाते. आवाज जात नाही. व्हीसीडीचा आवाज संगीताच्या सीडीप्रमाणे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा असतो, आणि डीव्हीडीला ४८,००० नमुने लागतात. या अटीला डीव्हीडीच्या नियमांत सूट नाही. म्हणून आवाज उलगडावा लागतो, दर १४७ नमुन्यांच्या जागी १६० नमुने नव्याने काढावे लागतात, आणि मग बहुतेक प्रोग्रॅम तो पुन्हा दाबतात. ज्यांना चित्रच पाहायचे आहे त्यांच्या दृष्टीने ही किरकोळ बाब आहे आणि सगळ्या मार्गदर्शिका ती एका वाक्यात उरकतात. आमच्या दृष्टीने उलटे आहे. तोंडावर दिवा आलेल्या त्या चित्रात आम्हाला काय पाहायचे आहे? आम्हाला ऐकायचे आहे. ज्याची जपणूक सहज होते ते आम्हाला दुय्यम, आणि जे मोलाचे त्यालाच हात लावावा लागतो.

हात किती लागतो हे मात्र आपल्या हाती आहे. नमुन्यांचा दर बदलणे ही चांगल्या प्रोग्रॅमने केली तर जवळजवळ निरुपद्रवी क्रिया आहे. बोलण्यातले काही जात नाही. नुकसान होते ते त्यानंतरच्या दुसऱ्या दाबण्याने, विशेषतः जागा वाचवण्यासाठी दर खूप खाली आणला तर. त्यात आधी बळी जातात वरच्या कंपनसंख्या. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात; ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक, ‘चमचा’तला आणि ‘चिमणी’तला असे दोन ‘च’ यांतला फरक, हा बराचसा त्या वरच्या भागात राहतो. ‘शे’ म्हटले की ‘से’ म्हटले, हा प्रश्न अहिराणीच्या अभ्यासात क्षुल्लक नाही. मोबाइलवरून मोबाइलवर फिरून आलेल्या गाण्यांत मी हा फरक ऐकू न येण्याइतका पुसट झालेला पाहिला आहे, आणि तेच गाणे मूळ तबकडीवर स्वच्छ आहे.

आम्ही असे ठरवले की डीव्हीडीवर आवाज दाबायचाच नाही. डीव्हीडीत न दाबलेला आवाजही, म्हणजे एलपीसीएम, ठेवता येतो. त्याला सेकंदाला १५ लाख ३६ हजार बिट लागतात, चित्रापेक्षाही अधिक. ही उधळपट्टी आहे यात शंका नाही. आवाज दाबला असता तर ४.७ गिगाबाइटच्या एका डीव्हीडीवर पाच-सहा व्हीसीडी बसल्या असत्या. आता तीनच बसतात. कोरी तबकडी स्वस्त आहे आणि जागराची ती रात्र पुन्हा येणार नाही, त्यामुळे हा सौदा मला महाग वाटला नाही. त्याही आधी एक पायरी आहे, जी कोणीही गाळू नये. वेष्टन काढलेली मूळ एमपेग फाइल, ४४,१०० नमुन्यांच्या तिच्या मूळ आवाजासह, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. अभ्यासासाठी तीच वापरावी. डीव्हीडी ही घरच्यांसाठी.

मग घरच्यांसाठी तरी डीव्हीडी कशाला, असे कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. बहुतेक डीव्हीडी प्लेअर व्हीसीडी वाचतात, आणि पेनड्राइव्ह तर आता सर्वत्र आहे. पण त्या घरी जाळलेल्या तबकड्या आता अडखळू लागल्या आहेत, आणि ज्या घरांतून त्या आणल्या तेथे त्या पाहणारी माणसे साठीच्या पुढची आहेत. त्यांच्या टीव्हीखाली प्लेअर आहे आणि त्याच्या रिमोटची त्यांना सवय आहे. व्हीसीडी या घरांत इतका काळ का टिकली याचेही कारण साधे होते. २००७ मध्ये मोझर बेअरने चित्रपटांची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. सहा रुपयांचा तो फरक, आणि आधीच घेतलेला व्हीसीडी प्लेअर, यांमुळे लोक जुन्यावरच राहिले.

डीव्हीडी निवडण्याचे माझे स्वतःचे कारण निराळे आहे. एका डीव्हीडीत आवाजाचे आठ पट्टे आणि उपशीर्षकांचे बत्तीस पट्टे ठेवता येतात, आणि ते मूळ चित्रावर छापले जात नाहीत, स्वतंत्र राहतात. बटण दाबले की दिसतात, दाबले की जातात. डीव्हीडीचे उपशीर्षक हे अक्षरांचे नसते, चित्राचे असते. त्यामुळे देवनागरीतली जोडाक्षरे आपण जशी काढू तशीच पडद्यावर येतात, प्लेअरमध्ये मराठीचा टंक आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. आम्ही दोन पट्टे केले. एकात बाया जे म्हणतात ते त्यांच्याच उच्चारांप्रमाणे, ‘य’चा ‘ळ’ न करता. दुसऱ्यात प्रमाण मराठीतील अर्थ, त्या नातवंडांसाठी ज्यांना आजीचे गाणे ऐकू येते पण कळत नाही. तिसरा गुजराती लिपीतला करावा अशी मागणी आली आहे. सुरतेत वाढलेल्या काही मुलांना ती लिपी अधिक सरावाची आहे. मागणी योग्य आहे आणि तो पट्टा होईल. मूळ आवाजाला कोणीही शिवलेले नाही. अर्थ शेजारी उभा आहे, अंगावर नाही.

पट्टे तयार झाल्यावर एक लहानशी पण बोचरी अडचण आली. डीव्हीडीतल्या प्रत्येक पट्ट्याला भाषेची खूण द्यावी लागते, आणि ती दोन अक्षरांची असते. मराठीला ‘एमआर’, गुजरातीला ‘जीयू’. अहिराणीला दोन अक्षरी खूणच नाही. तीन अक्षरी आहे, ‘एएचआर’, पण ती ज्या मानकात आहे ते २००७ साली आले, आणि १९९६ च्या डीव्हीडीला तीन अक्षरे समजत नाहीत. म्हणजे जनगणनेतला तोच रकाना पुन्हा समोर आला. ‘एमआर’ लिहावे तर प्लेअरच्या पडद्यावर ‘मराठी’ येणार, आणि अहिराणीचा पट्टा व अर्थाचा पट्टा दोन्ही एकाच नावाने दिसणार. मित्राचे म्हणणे, एमआर लिहून टाकू, कोण पाहते. पुष्कळ विचार करून मी त्या पट्ट्याची खूण रिकामी ठेवायला सांगितली. खूण नसलेला पट्टाही प्लेअर वाजवतो. निवडीच्या पडद्यावर, जेथे आपल्याला हवे ते चित्र घालता येते, तेथे आम्ही मोठ्या अक्षरांत ‘अहिराणी’ असे लिहिले. यंत्राला नाव ठाऊक नाही, माणसाला आहे.

पहिली डीव्हीडी ज्या घरात लावली त्या घरातील मावशींनी उपशीर्षकांकडे पाहिलेही नाही. जागरातल्या बायांच्या घोळक्यातून एक जाडसर आवाज वर आला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘भाऊ, हाऊ मनी मायना आवाज शे.’ तोंड त्या बाईचे चित्रात दिसत नव्हते, ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली होती.

तबकड्यांच्या अवस्थेविषयी थोडे सांगतो, कारण ज्यांच्या घरी अशा ‘कॅसेटी’ आहेत त्यांना ते उपयोगी पडेल. व्हीसीडीने जागा मिळवण्यासाठी एक किंमत मोजलेली आहे. संगणकाच्या साध्या सीडीत प्रत्येक खंडात २,०४८ बाइट मजकूर आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करण्याची जास्तीची सोय असते. व्हीसीडीने ती जास्तीची सोय काढून तेथेही चित्र भरले, म्हणून तिच्या खंडात २,३२४ बाइट मावतात. म्हणून जो ओरखडा साध्या सीडीला सहज सोसतो तो व्हीसीडीत थेट चित्रावर आणि आवाजावर उतरतो. तबकडी पुसावी ती मध्यापासून कडेकडे सरळ, गोल फिरवून नव्हे. नाव लिहिलेली बाजू ही खरी नाजूक बाजू. चकाकणारा थर त्या बाजूच्या वार्निशाखाली लगेचच असतो, आणि बॉलपेनने लिहिलेल्या नावांनी जितक्या तबकड्या बिघडल्या तितक्या ओरखड्यांनी बिघडल्या नसतील. चिकटवलेला कागद ओढून काढू नये, त्याबरोबर थरही निघतो. आणि एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसऱ्या, शक्यतो जुन्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी; आमच्या तीन तबकड्या अशाच वाचल्या.

एक तबकडी पूर्ण वाचली नाही. लिंबायतच्या एका घरातला २००३ चा जागर, दुसऱ्या तबकडीच्या अखेरीस चार सेकंद गेलेले आहेत. चित्र गोठते, आवाज तुटतो आणि गाण्याची एक ओळ मधोमध नाहीशी होते. त्या रात्री गाणाऱ्यांपैकी दोघी हयात आहेत. दोघींना ती ओळ विचारली. एक मूळची शिरपूरकडची, तिने सांगितलेल्या ओळीत मुलीला ‘आंडेर’ म्हटले आहे. दुसरी नंदुरबारकडची, तिच्या ओळीत ‘पोर’ आहे आणि चालही किंचित निराळी. दोघींनाही आपलीच ओळ त्या रात्री म्हटली गेली याविषयी तिळमात्र शंका नाही, आणि एकमेकींसमोर बसवल्यावर तर मुळीच नाही. मित्राला एकीचा आवाज घेऊन ती फट बुजवावीशी वाटत होती. तसे केले नाही. चार सेकंद रिकामेच ठेवले, उपशीर्षकात तेथे टिंबे दिली, आणि दोघींच्या ओळी स्वतंत्रपणे भरून घेऊन आवाजाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यावर ठेवल्या.